शेवटच्या पानाला आधी

आई, आपल्याकडे जेवायला बसलं की तू दाराशी बसलेल्या धाकट्यापासून वाढायला सुरुवात करायचीस. चुलीजवळ बसलेले दादा रिकामं ताट पुढे सरकवत नवऱ्याच्या तोऱ्यात म्हणायचे, "माहेर पान्याच्या पाटाच्या वरच्या अंगाला, अन् रीत बघा खालची." तू भाकरी उलटत म्हणायचीस, "पान्याची शेजपाळी अशीच आस्ती. शेवटच्या रानाला आधी पानी. वरच्याच्या तर दारातनंच वाहतंय, त्याला कसली घाई?"

तू गेलीस तेव्हा मी शाळेत होते. आता बी.ए. झाले, घरातली पहिलीच. कॉलेजात सर सांगायचे, जगाची हवा तापते आहे, पावसाचा नेम राहणार नाही, पुढे देश पाण्यासाठी सैन्य उभं करतील. वर्ग ते परीक्षेपुरतं उतरवून घेई. मला आपला पाट आठवायचा. तुझी शेजपाळी कुणीतरी त्या देशांना सांगावी, असं अगदी मनापासून वाटायचं. निकाल लागला तेव्हा मामा गुळाची ढेप घेऊन आला. "साहेबीनबाई, आता आमचे अर्ज फुकटात लिवायचे बरं का," म्हणाला.

यंदाही पाऊस हुकला. धरण भरलं नाही, आणि सोडलेलं पाणी तुझ्या माहेराच्या पुढे आलंच नाही. आपली माणसं पाटाचं दार उचलायला गेली, तर वरून दगड आले. काल सगळे आपल्या ओट्यावर जमले, आणि पाटाच्या दारावर बंदूकवाले पोलीस मागायचं ठरलं. "लिव्हनारी घरातच हाय की," कुणीतरी म्हणालं. मी म्हणाले, "आधी मामाशी बोलून बघू." दादांनी मान वर केली नाही. "मामाच फुडं हुता, पोरी. त्याचाबी ऊस वाळतोय."

मी लिहिलं. मामाचं नाव हातून उतरेना, तुझ्या गावाचंही. मग 'वरील भागातील समाजकंटक' असं घातलं. शिकलं की असे शब्द सापडतात, आई. सकाळच्या एस.टी.ने अर्ज तालुक्याला गेला. हे पत्र कुठे पाठवणार? ते मामाच्या ढेपेशेजारी फडताळात ठेवते. ढेप अजून फोडलेली नाही.

आज पहिली भाकरी मी दाराशी न नेता चुलीजवळच्या, दादांच्या ताटात टाकली. कुणाच्या लक्षातही आलं नाही.