हौशाच्या पाठीवरच्या गाठी

१६ ऑगस्ट, शनि.
यंदा पोळ्याला पहिला मान आपल्या हौशाला! वेशीतल्या बॅनरवर त्याचा फोटो लागणार. आनंदाने जेवण गेलं नाही. ओढ्यात बैल धुतल्या धुतल्या फोटो काढला. बैल झकास, फोटो पुसट. एवढ्या मोठ्या बॅनरवर डोळेच दिसले नाहीत तर?

१७, रवि.
सूनबाई रेखाने फोटो लॅपटॉपवर घेतला. शार्पची पट्टी सरकवली की कडा उठतात. शिंगांची टोकं, पापणीचा केसन् केस! मी चौथी शिकलेला, पण माऊस सोडवेना. रेखा म्हणाली, "मामा, सगळीकडं न्हाई मारायचं. डोळे अन् शिंगं निवडा, तेवढ्यालाच." ती भाकरी टाकायला गेली. मी काही न निवडताच पट्टी पार शेवटाला नेली. लई भारी दिसला. गावच्या ग्रुपवर टाकूनही दिला.

१८, सोम.
घात झाला. ओल्या केसांचे झुबके शार्पने असे उठलेत की पाठभर गाठी वाटतात. शेजारच्या बापूने ग्रुपवर लिहिलं, "नामदेवा, बैलाला लंपी हाय का बे? वेशीत आणू नको, आमचीबी जनावरं हायेत." खाली सगळ्यांचे जोडलेल्या हातांचे इमोजी.
बैल ठणठणीत आहे. पण मान गेला तर?

१९, मंगळ.
रेखाजवळ बसून नव्याने केला. डोळ्यांभोवती, शिंगांभोवती रेघ ओढायची, आतलं तेवढंच शार्प. पाठ होती तशी मऊ. रेघ कानात शिरली, पुसली, परत ओढली. झालं तेव्हा हौशा माझ्याकडेच बघत होता! रेखा म्हणाली, "मामा, आता दुकानच टाका."
ग्रुपवर टाकला. बापू लगेच, "परवाच्या गाठी पुसल्या व्हय? कम्प्युटरनं रोग जातो तर डाक्टर कावून पाहिजे?"
खरा फोटो खोटा ठरला.

२०, बुध.
सरपंच म्हणाले, पोळ्याला सकाळी जनावरांचे डॉक्टर बघतील, मग मानाचं ठरवू. बॅनरवाल्याचा फोन, छापू का? छाप म्हणालो. फोन ठेवला आणि वाटलं, डॉक्टर नाही म्हणाले तर?

२१, गुरु. खांदेमळणी.
बॅनर आलं! काय डोळे, काय शिंगं. येणारा जाणारा थांबतोय.
संध्याकाळी हळद-तुपाने खांदे चोळले. बापू गोठ्याच्या दारात उभा. म्हणालो, "ये की बे, हात लावून बघ." "उद्या डाक्टर बघंल," म्हणाला, पण हलला नाही. हौशाने मान लांबवून त्याचं उपरणं चाटलं. "सोड की लेका!" बापू हसतच घरी गेला.
मग पाठीवरून हात फिरवला. काही नाही. परत फिरवला. उजव्या खांद्यावर काहीतरी टणक लागलं. जू घासून पडलेला घट्टा. जुनाच. जुनाच ना?
रेखाला मागच्या पोळ्याचा फोटो उघडायला लावला. फक्त खांदा निवडलाय. पट्टी सरकवतोय, हळूहळू, घट्टा तेव्हाही होता का बघायला.