तिला सरळ विचार

१० जून

ती. ताईस,
शि. सा. न.

फोनवर बोलले तर चिमणी ऐकेल, म्हणून लिहितेय. तिचा गणवेश शिवायला घेतला, तर कंबर दोन बोटं आत घ्यावी लागली. वाढत्या वयाची लेक आणि माप घटलेलं. शाळेत तिचं गाणं मध्येच फसलं, ते कुणीतरी फोनवर टिपून सगळीकडे पाठवलं. अनोळखी लोकसुद्धा हसतायत. जेवत नाही, मैत्रिणी तोडल्या. परवा म्हणाली, मी नसले तर कुणाचं काय अडणार. तिचे बाबा म्हणतात, वय आहे, निवळेल. तुला शाळेत बगळी म्हणायचे, ते तू कसं सोसलंस गं?

माया असू दे.
तुझी धाकटी

१२ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

फोनवर तू रडशील, म्हणून हे बसच्या कंडक्टरच्या हाती पाठवतेय.

तेव्हा घराचं दार लागलं की बगळी बाहेर राहायची. आत आई वाटाणे सोलायला बसवायची, तू माझ्या मानेला लोंबकळायचीस, बाबा रेडिओचा कान पिळत बसायचे. संध्याकाळ आपली असायची. आताच्या पोरींचं दार लागतच नाही; चिडवणारे उशाशी येऊन बसतात.

निवळायची वाट बघू नकोस. वॉर्डात नर्स म्हणून जन्म गेला, म्हणून सांगते: तिला सरळ विचार, मरावंसं वाटतं का. विचारल्याने नसतं काही डोक्यात शिरत नाही, बोलायला वाट मिळते. फोन हिसकावू नकोस. हो म्हणाली तर एकटी सोडू नकोस, लगेच डॉक्टरांकडे ने. रजा टाकलीय, उद्या पोचते.

तुझी ताई

२० ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न.

तू गेल्यापासून घर ओकंबोकं वाटतंय. एक सांगायचं राहिलं. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी विचारलं, तेव्हा ती कितीतरी वेळ शिलाई मशीनचं चाक फिरवत राहिली आणि हो म्हणाली. मग म्हणाली, कुणीतरी विचारावं म्हणून वाट बघत होते.

डॉक्टरीणबाईंकडे जाणं चालू आहे. शाळेने तो व्हिडिओ काढून टाकायला लावला. एखाद्या दिवशी अजून पांघरुणाबाहेर येत नाही, मग मीही शेजारी आडवी होते. तिचे बाबा जेवताना फोन बाहेर ठेवतात, आधी स्वतःचा.

काल बटणं लावताना तिने विचारलं, पुढच्या वर्षी चित्रकला घेऊ की भूगोल. तुझ्या मनाने घे म्हटलं आणि आत जाऊन पोटभर रडले. पुढच्या वर्षी म्हणाली गं, ताई.

अशीच जवळ राहा.
तुझी धाकटी