फोन बंद होता, मी वेडी नव्हते

मी, फहमिदा इब्राहिम मुकादम, वय एकसष्ट, धंदा शिवणकाम, राहणार मोहल्ला, पनवेल, स्वखुशीने व पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवते. ‘शुद्धीत’ हा शब्द वकील सगळ्यांच्याच कागदात घालतात. माझ्या कागदात तो मी स्वतः सांगून घालून घेतला आहे.

१. राहते घर व पुढचे दुकान. माझा एकटा वारस भाऊ अली. शरियतीप्रमाणे त्याचे त्याला मिळेल. ज्या एक तृतीयांशावर माझा शब्द चालतो, त्यातून बँकेतली ठेव आणि शिलाई मशीन अलीची मुलगी माहनूर हिला द्यावे. तिला मशीन विकायचे असेल तर खुशाल विकावे.

२. कपाटातल्या कादंबऱ्या गावच्या वाचनालयाला द्याव्यात. तिथेच माझी आणि सत्यवती पाटणकरची ओळख झाली. एकीने वाचलेले पुस्तक दुसरीने न्यायचे आणि मग दुकानात बसून त्यावर भांडायचे, असे आमचे आयुष्य गेले. मागल्या वर्षी तिची स्वतःची कादंबरी आली, ‘मुका टेलिफोन’. माहनूरने ती खारघरच्या कॉलेजातून आणली.

“फुफी, यातली बाई तुझ्यासारखीच आहे,” ती म्हणाली. “पण ती वेडी आहे गं.”

मी ती एका बैठकीत वाचली. खरे घडले ते असे: कुवेतला गेलेल्या नवऱ्याने मला तिकडूनच तलाक कळवला, तेव्हा अम्मी लकव्याने अंथरुणाला खिळली होती. तिला हे कळले असते तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत जगली नसती. म्हणून दर जुम्म्याला मी बंद पडलेला फोन कानाला लावून तिच्यादेखत नवऱ्याशी बोलायचे. “हो, जेवले. अम्मी सलाम सांगतेय.” अम्मी हसायची. ती जाईपर्यंत मी हे चालवले. सांगितले फक्त सत्यवतीला, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला श्वास घेता येत नव्हता.

तिच्या कादंबरीत अम्मीच नाही. नुसती एक बाई आहे, नवऱ्याने टाकलेली, बंद फोनवर खरोखर बोलणारी. शेवटी ती खाडीत उतरते.

मी तिच्या घरी गेले. “सत्यवती, हे माझं आहे.”

“अगं, नाव बदललंय, गाव बदललंय. तुला कोण ओळखणार?”

“अम्मीला का काढलंस?”

ती चष्मा पुसत म्हणाली, “आई ठेवली असती तर ते नाटक झालं असतं. आई नसली की शोकांतिका होते.”

मी चहा तसाच ठेवून उठले.

त्यानंतर मी दोन कादंबऱ्या वाचल्या. एक बंदरावरच्या ट्रक ड्रायव्हरच्या बायकोची, एक म्हाताऱ्या नर्सची. दोन्ही चांगल्या असाव्यात. पण पानोपानी मनात येई, ही बाई कुणाची? हिने कुणाला विश्वासाने काय सांगितले होते? हिच्या शेजारून कुणाला पुसून टाकले? दोन्ही अर्ध्यावर ठेवल्या. माझे घर, माझे नाव गेले असते तरी चालले असते. तिने माझे वाचणे नेले, याची भरपाई कुठल्या कोर्टात होत नाही.

३. सत्यवतीला काहीही देऊ नये. तिने आधीच घेतले आहे.

४. साक्षीदाराला काही देता येत नाही, असे वकील म्हणाले. म्हणून गुणाबाईंसाठी शिवलेले पोलके मी आजच हातात दिले. त्या म्हणाल्या, “मरायची घाई हाय का तुला? हे मी आता नाय घालनार, ईदीला घालीन, तू बघायला पायजेस.”

५. माझी मय्यत अम्मीशेजारी दफन करावी. सत्यवती घरी मातमपुर्सीला, सांत्वनाला आली तर अडवू नये. तिला बसायला खुर्ची द्यावी, पाणी द्यावे. ती रडली तर रडू द्यावे, ते खरे असेल. पण माझ्याविषयी दोन शब्द बोलायला उठली, तर माहनूरने तिचा हात धरून तिला खाली बसवावे.

हे वाचून, समजून सही केली.

फहमिदा इब्राहिम मुकादम

आमच्यासमोर सही झाली:
१. गुणाबाई काळूराम कोळी, मासळी विक्रेत्या (डाव्या हाताचा अंगठा)
२. डॉ. दिनानाथ वैशंपायन (सही)

पनवेल, १४ नोव्हेंबर २०१३