माय, तुझं कार्ड मी परत केलं होतं

प्रिय माय,

आज बँकेचं पत्र आलं. माझ्याकडे आता काही बाकी नाही, एवढंच त्यात लिहिलं आहे. कुणाला दाखवून पेढे वाटावेत असं ते पत्र नव्हे, म्हणून तुला लिहायला बसले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "कायची बाकी वं?" तेच सांगायचं आहे. तू असताना सांगायला हवं होतं, पण तेव्हा तोंड उघडलं नाही.

दोन हजार सहा साली आमच्या नागपूरच्या ऑफिसात टाय लावलेला एक माणूस क्रेडिट कार्डाचा फॉर्म घेऊन आला. म्हणाला, मॅडम, फी काहीच नाही, फक्त इथे सही करा. केली सही. पहिल्या बिलावर खाली 'किमान रक्कम' छापलेली होती. मी समजले, तेवढीच भरायची असते. बी.कॉम. झालेली बाई मी! पुढे व्याज कळलं, तरी किमानच भरत राहिले. कारण तेवढं भरलं की नवीन वस्तू घेता यायची.

तुला आठवतो तो मिक्सर? मग कूलर, मग मोबाइल. दर खेपेला आमगावला गाडीतून उतरले की माझ्या हातात खोका. तू म्हणायचीस, "कायले आनून राहिली वं इतकं? पगार वाढला का तुया?" मी हो म्हणायचे. मग तू तो खोका उघडायच्या आधी शेजारच्या शेवंतामावशीला हाक मारायचीस. "पाय माया पोरीनं काय आनलं ते." वस्तूंपेक्षा मला तुझ्या त्या हाकेची चटक लागली होती.

आणि मग मी तुझ्या बिड्या बंद केल्या.

बाबा गेल्यावर त्याच बिड्यांवर मला शिकवलंस तू. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला भिजवून कापलेली तेंदूची पानं. दिवसभर बोटं चालायची आणि तोंडही. एखादी बिडी ढिली झाली की कारखान्याच्या मुनीमाने फेकायच्या आधी तूच फोडायचीस. मी म्हणायचे, जाऊ दे ना, एवढ्यात कुठे दिसते त्याला? तू म्हणायचीस, "मले दिसली ना."

पण ऑफिसातल्या मैत्रिणी घरी येणार होत्या आणि मला त्या सुपाची लाज वाटली. हो, लाजच वाटली. तब्येतीचं मी सांगितलं ते निमित्त होतं. तुझं बिडी कामगाराचं कार्ड घेऊन मी स्वतः मुनीमाकडे गेले. तो भला माणूस म्हणाला, "ताई, सोच लो एकदा. मावशीचं वय झालं आहे, या कार्डावर दवाखाना आहे, डोळ्यांचं ऑपरेशनही होतं." मी काय उत्तर दिलं, माहीत आहे? "माझी आई असल्या दवाखान्याच्या रांगेत बसणार नाही." आणि कार्ड टेबलावर ठेवून आले. मी घरी येऊन सांगितल्यावर तू सूप उलटं करून भिंतीला टेकवलंस.

दोन वर्षांनी तू तांदूळ निवडताना खडे राहू लागले. "दिसून नाही राहिलं वं आता," म्हणालीस. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. मी तोऱ्यात तुला नागपूरच्या चांगल्या खासगी दवाखान्यात नेलं. तुला बाकावर बसवून काउंटरवर माझं क्रेडिट कार्ड दिलं. त्या मुलीने मशीनमधून एकदा ओढलं, परत ओढलं, मग हळूच म्हणाली, "मॅडम, दुसरं काही आहे का?" नव्हतं. तुझ्याकडे आले आणि सांगितलं, डॉक्टर सुट्टीवर गेले आहेत.

"बरं, मंग पुढच्या खेपेले," तू म्हणालीस. पुढच्या खेपेला मी सांगितलं, मला रजा नाही. तू का नाही रागावलीस गं? एकदा तरी विचारायचं होतंस, कसला डॉक्टर आहे जो कधी येतच नाही?

त्या वर्षी भीमजयंतीच्या आधी माझ्या कार्डावर खर्चाला थोडी जागा झाली. मी काय करायला हवं होतं? डोळ्यांसाठी पैसे साठवायला हवे होते, सरकारी दवाखान्यात जायला हवं होतं. मी साडी आणली. पांढरी, निळ्या काठाची, भारीतली. तू काठावरून बोट फिरवत विचारलंस, "निळाच हाय ना वं?" मी म्हटलं, हो. तू ती नेसून विहारात गेलीस, शेवंतामावशीचा हात धरून.

आणखी एक. मी बँकेला तुझा मोबाइल नंबर देऊन ठेवला होता. माझे हप्ते थकले की ते लोक तुला फोन करायचे. तुला वाटायचं, ऑफिसातले साहेब पोरीची चौकशी करून राहिले. मावशीनं नंतर सांगितलं, तू त्यांना म्हणायचीस, "बेटा, लड़की सीधी है मेरी, उसको डाँटना मत." हे ऐकून मी मावशीच्या स्वयंपाकघरात खूप रडले.

त्याच हिवाळ्यात तुझं हृदय थांबलं. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांशी याचा काही संबंध नाही. ते ऐकून मला बरं वाटलं, माय. त्या बरं वाटण्याची आजही लाज वाटते. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या जेवणाचे पैसेसुद्धा मी एटीएममधून त्याच कार्डावर काढले. लोक म्हणाले, पोरीनं आईचं चांगलं केलं.

ते जेवण झालं आणि भांडी ठेवताना माळ्यावर तुझी पानं कापायची कैची सापडली. तिनेच मी माझ्या त्या कार्डाचे दोन तुकडे केले. पण कार्ड कापलं म्हणून हात थोडेच थांबतात? सेलचा बोर्ड दिसला की पाय वळायचे. एकदा दुकानात कुकर घेऊन काउंटरपर्यंत गेले आणि तू ढिली बिडी फोडायचीस ते आठवलं. मागची रांग बघत असताना तो परत नेऊन ठेवला. फार लाज वाटली. दुसऱ्यांदा थोडी कमी वाटली. संध्याकाळी शिकवण्या घेतल्या, कानातले विकले, तीन वर्षं नवीन साडी घेतली नाही. मोठं काही केलं नाही, घेतलं होतं ते फेडलं.

मागच्या आठवड्यात घरी गेले होते. शेवंतामावशी सूप घेऊन दारात बसली होती, बिडी अगदी नाकाजवळ धरून. तिचा मुलगा म्हणतो, आता बंद कर, कार्ड देऊन टाक, लोक हसतात. मी त्याच्यासमोर तिचं कार्ड तिच्या हातात दाबून ठेवलं आणि त्याला सगळं सांगितलं. कार्ड, मशीन, सुट्टीवरचा डॉक्टर, सगळं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं.

माय, सोमवारी मी रजा टाकली आहे. मावशीला डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी बिडी कामगारांच्या दवाखान्यात नेते आणि रांगेत तिच्या बाजूला बसते. नंबर लागेपर्यंत उठणार नाही, पुन्हा यायला सांगितलं तर पुन्हा नेईन. तिच्या डोळ्यांवरची पट्टी सुटली की तिला तुझी ती साडी दाखवीन.

काठ निळाच आहे, माय. तेवढं एक मी तुला खरं सांगितलं होतं.

तुझी,
निमा