डावी खुर्ची

सोमवार, ३ फेब्रु.
मेल आली. आपल्या धाकट्या विमान कंपनीचे पायलट तिची मालक असलेली मोठी कंपनी स्वतःकडे घेणार, म्हणजे आम्हाला. ज्यांना यायचंय त्यांनी पुढच्या सोमवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं. अट एकच: सीनिऑरिटी तिकडे रुजू झाल्या दिवसापासून. म्हणजे इकडे इतकी वर्षं कॅप्टन, तिकडे पुन्हा कोपायलट. डाव्या खुर्चीतून उजव्या. खांद्यावरच्या चार पट्ट्यांच्या तीन.
नाही गेले तर? धाकटी विकायला काढलीय असं कँटीनमध्ये रोज ऐकतेय. कोण घेणार, कधी, कुणालाच पत्ता नाही.
मिलिंद म्हणाला, "अगं वसू, जेट मिळतंय. जन्मभर पंख्याचंच विमान उडवणारेस का?" याची नौपाड्यातली बँक मोठ्या बँकेत विलीन झाली तेव्हा स्वारी महिनाभर धड जेवली नव्हती. ते विसरला.

बुधवार, ५ फेब्रु.
सुट्टी. सासूबाईंबरोबर मटार सोलत बसले. त्यांना नीट कळलं नव्हतं, म्हणून सांगितलं: विमानाला रंग मोठीचा, तिकीट मोठीचं, फ्लाइटचा नंबरसुद्धा मोठीचा. उडवणारे, दुरुस्त करणारे, चहा देणारे आम्ही. कॉकपिटमधून स्वागत करायचं तेही मोठीच्याच नावाने.
"आमच्या कल्याणच्या घरासारखं गं. चूल वेगळी, देवघर एक. गणपतीत दोघी जावांनी राबायचं आणि आरतीचं ताट थोरलीच्या हातात."
त्या धाकट्या. म्हटलं, मग?
"मग काय, डोंबिवलीला बिऱ्हाड केलं. आपला वेगळा गणपती बसवला. आणि पहिल्याच वर्षी रडले."
का ते सांगितलं नाही. मटार संपले होते.

शनिवार, ८ फेब्रु.
निखिलला फोन केला. माझ्या शेजारी उजव्या खुर्चीत बसून शिकलेला. मोठीकडे गेला, आता तिकडे कॅप्टन आहे.
"मॅम, या ना. काय सांगावं, पहिली फ्लाइट माझ्याबरोबरच लागेल."
खवचटपणा नाही त्याच्यात, मनापासून बोलला. तेच जास्त लागलं. हेवा वाटला, चांगलाच वाटला. पहिल्या वर्षी हा लँडिंगला श्वास रोखून बसायचा, मी सांगायचे, अरे सोड की श्वास. आता तो मला सांगणार, मॅम, चेकलिस्ट वाचा.
पण विमान चांगलं उडवतो. मीच शिकवलंय.

रविवार, ९ फेब्रु.
वाईट दिवस.
जळगावला धुकं, निघायला उशीर. माझ्या विमानात इथे उतरून मोठीची दुबईची फ्लाइट पकडणारे काही प्रवासी होते. ती फ्लाइट थांबली नाही. नियमच तसा. परवा त्यांचं विमान उशिरा आलं तेव्हा त्यांच्या पाच माणसांसाठी आम्ही निमूट ताटकळलो होतो. धाकटीने थांबायचं, मोठीने नाही.
लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या एक बाई, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा. सगळे उतरले तरी बसून राहिल्या. मी बाहेर आले तर म्हणाल्या, "तुमचंच विमान ना ते बी? मग सांगा ना त्यायले."
"आमचंच आहे हो, पण..." लाज वाटली. त्यांना काउंटरपर्यंत घेऊन गेले. उद्याची सीट दिली. उद्याची, म्हणजे बाळ थांबलं तर.
परतीच्या फेरीला माइक घेतला आणि स्वागत केलं ते धाकटीच्या नावाने. सवयीने नाही, ती सवय कधीच मोडलीय. जिभेवर आलं आणि गेलं. मागे एक गृहस्थ बॅग घेऊन उभे राहिले. एअरहोस्टेस सांगत आली, "मॅम, ते विचारतायत, चुकीच्या विमानात बसलोय का?" पुन्हा माइक घेऊन मोठीचं नाव घेतलं. मग ते बसले.
आमचं नाव कुणाला माहीतच नाही. दरवाजाजवळ बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

सोमवार, १० फेब्रु.
चीफ पायलटचा फोन. कालच्या घोषणेबद्दल तक्रार वरपर्यंत गेलीय. "असं कसं बोललात? बरं, ते राहू दे. आज कळवताय ना?" म्हटलं, संध्याकाळपर्यंत.
'हो' लिहून पाहिलं. खोडलं. 'नाही' लिहून पाहिलं.
आज दुपारची ड्यूटी. सासूबाई इस्त्रीचा शर्ट घेऊन आल्या, पट्ट्या दुसऱ्या हातात. विचारलं, "आई, पहिल्या वर्षी रडलात. दुसऱ्या?"
"दुसऱ्या वर्षी नाही रडले. ताट माझ्या हातात होतं ना." मग शर्टाची कॉलर सरळ करत म्हणाल्या, "पण आरतीला माणसं चारच."
मेल उघडी आहे. पिकअपची गाडी खाली येऊन थांबलीय. चार पट्ट्या लावून निघते, आजपुरत्या.