नाटकातली आई

ती. आई,

ओमानमधल्या दुक्महून प्रशांतचा नमस्कार. मी बरा आहे, वेळेवर जेवतो. तुझा गुडघा कसा आहे?

आमचं काम तपासणारे इन्स्पेक्टर मार्कोस टेक्सासचे, मूळ मेक्सिकन. तिकडच्या त्यांच्या माणसांवर ते नाटकं लिहितात. पुढच्या महिन्यात कॅम्पच्या मेसमध्ये त्यांचं एक नाटक आम्ही हिंदीतून करतोय. इथे सगळे पुरुषच, म्हणून आईचं काम माझ्याकडे! दशावतारातला स्त्रीपार्ट असा कामी आला बघ.

नाटकात मुलगा दूर कामाला निघतो. आई त्याला मक्याच्या भाकऱ्या बांधून देते. तालमीत माझ्या तोंडून तुझंच वाक्य गेलं, "जातो नको, येतो म्हण." अर्थ कळल्यावर मार्कोसनी ते आपल्या वहीत उतरवून घेतलं. मग म्हणाले, "हे राहू दे."

डोक्यावर पदर घेतला की इथला खारा वारा आपल्या खळ्यातला वाटतो. तुझ्याच अंगात शिरल्यासारखं होतं.

फक्त शेवट जमत नाही. मुलगा गेल्यावर आई एकटी उरते, तिथे मार्कोसनी काहीच लिहिलेलं नाही. म्हणतात, "तुला माहीत असेल."

मी तर मागे वळूनही पाहिलं नव्हतं.

फोनवर विचारवेना, म्हणून लिहितोय. एसटी वळणाआड गेल्यावर तू काय केलंस, आई?

तुझा,
प्रशांत