दुसऱ्या शनिवारचं व्याख्यान

१८ जुलै २००६, मंगळवार

नाही म्हणाले. चेन्नईच्या अड्यारमधलं हे फिजिओथेरपीचं तिसरं क्लिनिक. डॉक्टर भले होते, कॉफी पाजली, वीस वर्षांचा अनुभव आहे म्हणून कौतुकही केलं. मग विचारलं, "तमिळ?" मी म्हटलं, शिकेन. ते हसले. "मॅडम, माझे पेशंट सत्तरीचे. त्यांना कुठे दुखतं ते त्यांच्या भाषेतच दुखतं. तुम्ही आधी शिका, मग या."

राग आला, पण माणूस चुकीचं बोलला नाही. पुण्यात मीही असंच म्हटलं असतं.

संध्याकाळी हेरंब कंपनीच्या बसमधून उतरला तोच चेहरा बघून म्हणाला, "झालं नाही ना? सोड. दोन वर्षांचा तर प्रश्न आहे." त्याचं बरं आहे. इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात त्याचं इंग्रजीत भागतं. नवऱ्याच्या बदलीपायी मी इथे दीड वर्ष भाजी चिरतेय आणि टीव्ही बघतेय. गेल्या आठवड्यात मी पंचेचाळिशीची झाले. वीस वर्षं मी लोकांना पडलेल्या जागेवरून उठवून चालायला लावलंय. मला भाजी चिरायला नाही आणलं देवाने.

आज परत त्याला विचारलं — पुण्याला कधी जायचं? रोज विचारते. रोज म्हणतो, बघतो.

२५ जुलै

गल्लीच्या टोकाला रहिवाशांच्या संघाचं वाचनालय आहे. वरच्या मजल्यावर हॉल. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तिथे व्याख्यान असतं, आणि मंगळवारी-गुरुवारी चार वाजता मोठ्या माणसांसाठी तमिळचा वर्ग! इतके महिने मी त्याच्यासमोरून दूध आणायला जात होते. पाटी तमिळमध्ये. तमिळ शिकायचं असेल तर आधी तमिळ वाचता यायला हवं, अशी सोय.

आज गेले. आम्ही सहा जण. माझ्या शेजारी अमरसिंह — फौजेतून निवृत्त होऊन इथे स्पेअर पार्टचं दुकान काढलेले सरदारजी. एकवीस वर्षं चेन्नईत. म्हणाले, "मला आकडे येतात आणि शिव्या येतात. आता नातसून तमिळ आलीय, तिच्याशी आणखी काही बोलावं म्हणतो."

शिकवणाऱ्या बाई सरोजा मामी. सगळे त्यांना मामीच म्हणतात. सरकारी शाळेत तमिळ शिकवून निवृत्त झालेल्या, पांढराशुभ्र अंबाडा, नऊवारी नाही पण साडीचा काठ लखलखीत. माझं आडनाव ऐकलं — पटवर्धन — आणि एकदम मराठीत म्हणाल्या, "अय्यो, तूं मराठी कीं! आम्हीही मराठीच. तंजावरचे."

मी बघतच राहिले. मराठी होतं, पण जुन्या बखरीतून उठून आल्यासारखं, आणि वर तमिळचा हेल.

१० ऑगस्ट

तमिळमध्ये ल आहे, ळ आहे, आणि त्यानंतर आणखी एक तिसरंच ळ आहे. मामी म्हणाल्या, "तुझें ळ चांगलें आहे, पण तें आपलें. हें वेगळें. जीभ मागें ने, टाळूला लावूं नकोस." आरशासमोर अर्धा तास जीभ मागे नेली. हेरंबला वाटलं घसा धरलाय.

१९ ऑगस्ट

पोस्ट ऑफिसला जायचं होतं. रिक्षावाल्याला ऐटीत तमिळमध्ये रस्ता विचारला. त्या तिसऱ्या ळच्या धसक्याने सरळ ल म्हटलं. वऴि म्हणजे रस्ता, वलि म्हणजे दुखणं; रस्त्याचं झालं दुखणं. "वलि, वलि" करत होते मी, आणि त्या बिचाऱ्याने मला पाच मिनिटांत एका दवाखान्याच्या दारात आणून सोडलं. पैसेही कमी घेतले.

मामींना सांगितलं तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, "बरें झालें. हे दोन शब्द आतां जन्मांत विसरायची नाहींस. आणि तुझ्या धंद्याला दोन्ही लागतात."

९ सप्टेंबर, शनिवार

पहिल्यांदा व्याख्यानाला बसले. विषय: गच्चीवरच्या कुंड्यांतली भाजी. तासभरातला चौथा हिस्सा कळला असेल. पण कळलं! माती, पाणी, ऊन, कीड. पुढच्या रांगेतल्या आजोबांनी कढीपत्त्यावरच्या किड्यांबद्दल इतके प्रश्न विचारले की संघाचे सेक्रेटरी नारायणस्वामी घड्याळ दाखवायला लागले.

साठ-सत्तर माणसं. सगळी पन्नाशीच्या पुढची. कोणाला परीक्षा द्यायची नाही, कोणाला नोकरी नको. तरी वह्या घेऊन येतात. मला हे फार आवडलं.

एक गोष्ट मात्र खटकली. हॉल वरच्या मजल्यावर आणि अर्धी माणसं कठडा धरून, पायरी-पायरीला थांबत वर येतात. चुकीचा पाय आधी टाकतात सगळे. मला हात आवरून धरावे लागले.

१२ ऑक्टोबर

आता भाजीवाली माझ्याशी हिंदी बोलत नाही. ही माझी पदवी.

अद्वयचा पुण्याहून फोन होता. हॉस्टेलचं जेवण, सबमिशन वगैरे. त्याला तमिळमध्ये विचारलं, जेवलास का? म्हणाला, "आई, तू कोण आहेस?"

२३ नोव्हेंबर

आज वर्ग संपल्यावर मामींकडे थांबले. त्यांच्याकडची आमटी आमटीसारखी नाही आणि सांबारासारखीही नाही. विचारलं, तुम्हाला कधी वाटलं नाही का, की आपण इथले नाही?

त्या भांडी आवरत होत्या. म्हणाल्या, "आमचे वडील लोक तीनशें वर्षांमागें आले. त्यांस कोणीतरी तमिळ शिकविलेंच असेल कीं. त्या माणसाचें नांव कोणास ठाऊक नाहीं. पण त्यानें शिकविलें म्हणून आम्ही राहिलों."

घरी येताना चालतच आले. बदलीबद्दल हेरंबला आज विचारलं नाही. नंतर लक्षात आलं, बरेच दिवस विचारलेलं नाही.

९ जानेवारी २००७, मंगळवार

फेब्रुवारीचे वक्ते डोळ्यांचे डॉक्टर होते. ते मुलीकडे अमेरिकेला निघाले. नारायणस्वामी वर्गात येऊन म्हणाले, यंदा फेब्रुवारीचं रद्द करू. मामींनी खडू खाली ठेवला. "कशाला रद्द? ही बोलेल. गुडघ्यांवर." माझ्याकडे बोट.

नारायणस्वामींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तमिळमध्ये?"

मी म्हटलं, तमिळमध्ये. कसं काय म्हटलं देव जाणे. पण म्हटल्यावर भीती वाटली नाही. गुडघा मला माहीत आहे. शब्दांचं बघता येईल.

१९ जानेवारी, शुक्रवार

हेरंब आज लवकर आला. हातात मोगऱ्याचा गजरा आणि मिठाईचा डबा. दारातच म्हणाला, "झालं! चाकण. नवीन प्लँट, एक एप्रिलपासून. दिवाळीपासून साहेबांच्या मागे लागलो होतो, तुला मुद्दाम सांगितलं नव्हतं. आईला कळवलं. ती खोली रंगवून घेतेय. अद्वयपण शनिवार-रविवार घरी येईल."

मी उभीच. गजरा हातात.

त्याने मिठाईचा डबा उघडून पुढे केला.

मी म्हटलं, मला विचारलं का नाहीस? आणि तो इतका थक्क झाला की मला स्वतःचीच लाज वाटली. "विचारायचं? दीड वर्ष तू रोज मला विचारत होतीस, निधी. रोज. मी आणखी काय विचारायचं होतं?"

त्याने मी मागितलं तेच आणून दिलं.

२१ जानेवारी

सासूबाईंचा फोन. भिंतीला पिस्ता रंग चालेल ना. चालेल म्हटलं.

२ फेब्रुवारी

व्याख्यान लिहून काढलं आणि मामींना दाखवलं. त्यांनी निम्मं खोडलं. "हे पुस्तकी शब्द कोणास कळणार? आजीला सांगतांना जसें सांगशील तसें सांग." मग त्याच आजी झाल्या. खुर्चीत बसल्या, गुडघा पुढे केला आणि तमिळमध्ये कुरकुरायला लागल्या. तासभर मी त्यांना उठवलं, बसवलं.

एप्रिलचं त्यांना सांगितलं. त्यांनी गुडघा परत पुढे केला. मग म्हणाल्या, "तें एप्रिलमध्यें पाहूं. आतां जिन्याचें पुन्हां सांग."

१० फेब्रुवारी, शनिवार

झालं. सगळं लिहून ठेवते.

हॉल भरला होता, मागे लोक उभे. हेरंब येतो म्हणाला नव्हता, पण नारायणस्वामी ओळख करून देत असताना शेवटच्या रांगेत दिसला. ऑफिसच्या शर्टातच, हाताची घडी घालून.

सुरुवात बरी झाली. पाचव्या मिनिटाला आपटले. तमिळमध्ये गुडघा म्हणजे मुट्टि आणि अंडं म्हणजे मुट्टै. मी ठणकावून सांगितलं की रोज सकाळी अंथरुणातच दोन्ही अंडी दहा-दहा वेळा वाकवा. सगळा हॉल हसला. पहिल्या रांगेत मामींनी पदर तोंडाला लावला. मीही हसले. म्हटलं, ज्यांना अंडी चालतात त्यांनी अंडी वाकवा, बाकीच्यांनी गुडघे. आणखी हसले. त्यानंतर मात्र लोक माझे झाले. मला ते कळतं. पेशंट पाय सैल सोडतो ना, तसं.

जिन्याचं सांगितलं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. टेबलामागून पुढे येऊन मंचाच्या पायरीवर करून दाखवलं. लोकांनी वह्यांत लिहून घेतलं.

प्रश्नांच्या वेळी एक आजी उठायला लागल्या. महालक्ष्मी नाव, पलीकडच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. मुलाने आणि वॉचमनने खुर्चीत बसवून उचलून आणलं होतं. त्या बसूनच म्हणाल्या, पडल्यापासून सगळे सांगतात आराम करा. वर्ष झालं, मी जिना उतरले नाही. समोरचं देऊळ खिडकीतून बघते. मला उतरता येईल का, एवढंच सांग. खोटं सांगू नकोस.

मी खाली गेले. गुडघा हातात घेतला. वलिक्कुदा? दुखतं का? इथे? आणि इथे? सूज नव्हती. सांधा हलत होता. मांडीत जोर राहिला नव्हता, आणि भीती होती, गुडघ्यापेक्षा कितीतरी मोठी. म्हटलं, पाय मागे घ्या, पुढे वाका, नाक पायाच्या बोटांच्या वर येऊ दे, आता उठा. मी धरते, पण उचलणार नाही. पहिल्या वेळी धपकन बसल्या. दुसऱ्या वेळी उठल्या. उभ्या राहिल्या. माझ्या मनगटात त्यांची नखं रुतली होती, अजून खूण आहे.

मी सांगितलं, उद्या नाही. पण रोज हे केलंत तर दोन-तीन महिन्यांनी जिना उतराल, कठडा धरून, माझ्यासोबत.

त्यांनी विचारलं, "तू येशील?"

मी म्हटलं, येईन.

घरी येईपर्यंत मला कळलंच नव्हतं की त्या आजींशी बोलताना मी मनात मराठी केलंच नव्हतं. आणि हेही, की मी काय कबूल करून बसले.

कुलूप उघडताना हेरंब म्हणाला, "मला एकही शब्द कळला नाही. त्या आजींनी शेवटी काय विचारलं?"

सांगितलं.

"आणि तू काय म्हणालीस?"

तेही सांगितलं. तो आत जाऊन कपडे बदलून आला आणि टीव्ही लावला.

११ फेब्रुवारी

सकाळी चहाच्या वेळी म्हटलं. घुमवलं नाही, सरळ. मला जायचं नाही. मी मागत होते ते खरं होतं, आणि आता नको आहे तेही खरं आहे. तू जा, मी इथे राहते. दोन वर्षांनी बघू. लोक राहतात असे.

"लोकांचं मला सांगू नकोस," तो म्हणाला. मग कप खाली ठेवून, "मी आईसमोर कसा उभा राहू?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. आणि खरंच माहीत नाही. त्या एकट्या आहेत, अद्वय तिथे आहे. मीही काही दगड नाही. पण इथलं अर्धवट सोडून त्या पिस्ता रंगाच्या खोलीत जाऊन बसले तर दोघांचंही वाटोळं करीन, हे मला पक्कं माहीत आहे.

१३ फेब्रुवारी

जुलैमधल्या त्या डॉक्टरांकडे गेले. आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत तमिळ. त्यांनी बाहेर बसलेल्या एका पेशंटला आत बोलावलं आणि स्वतः खुर्ची मागे सरकवून बघत बसले. अर्ध्या तासाने म्हणाले, एक मार्चपासून या. सकाळचे चार तास.

हो म्हटलं. घरी सांगितलं. "बरं," म्हणाला.

१६ फेब्रुवारी

मीठ दे. पेपर दे. गीझर बंद केलास का. तीन दिवस एवढंच.

१८ फेब्रुवारी

महालक्ष्मी आजींकडे गेले. आज चार वेळा उठल्या, आधाराशिवाय एकदा. सूनबाईंनी कॉफी दिली. येताना वाटेत रडू आलं. थांबून डोळे पुसले आणि पुढे आले. निर्णय बदललेला नाही.

२० फेब्रुवारी, मंगळवार

नव्या तुकडीचा पहिला दिवस. मामींना मदत म्हणून मी तक्ते लावायला गेले. दार उघडलं तर पहिल्या बाकावर, पुन्हा पहिल्यापासून बसलेल्या अमरसिंहांच्या शेजारी, हेरंब. अर्ध्या दिवसाची रजा टाकून. समोर कोरी वही.

"मी नकार कळवला. चाकणला ऑफिसातल्या राममूर्तींना पाठवतायत," म्हणाला. "बस आता. मामींच्या वर्गात उभं राहून बोलत नाहीत."

सासूबाईंना फोन कोणी करायचा ते अजून ठरलेलं नाही.